मेहुण्याची ड्रिल मशीन

प्रोग्रॅमने वाचलेल्या बाइट्सचा, म्हणजे माहितीचा, मालक कोण, हे ठरल्याशिवाय ते ज्येष्ठ प्रोग्रॅमर कोणाचाही कोड पुढे जाऊ देत नसत, म्हणून ऑफिसात त्यांचं नावच 'मालक' पडलं होतं. त्या दिवशी कोड तपासणाऱ्या कंपायलरने नव्या मुलीचं फंक्शन, म्हणजे तिने लिहिलेला कोडचा तुकडा, नाकारला, तेव्हा ते म्हणाले, "अगं, तू बाइट्स परत देत नाहीस, ते ठेवलेत त्या बफरचा, त्या तात्पुरत्या जागेचा, फक्त पत्ता देतेस. फंक्शन संपलं की बफर मोकळा होणार. मग घेणाऱ्याला तिथे काय मिळणार? बफरच देऊन टाक, मालकीसकट."

संध्याकाळी मेहुणा मालकांना वापरायला दिलेली आपली ड्रिल मशीन न्यायला घरी आला. उद्या त्याला दुकानात फळ्या बसवायच्या होत्या.

"शेजारच्यांकडे आहे, घेऊन ये," मालकांनी बसल्या जागेवरून सांगितलं.

मेहुणा गेला तसाच परत आला. "दाजी, तिथे दुसरेच लोक राहतात. त्यांना मशीन ठाऊक नाही."

"शेजारी घर सोडतायत, मशीन आणून ठेवा, असं मी चारदा बजावलं होतं," बायको आतून म्हणाली. "पण माझं ऐकायला मी थोडीच कंपायलर आहे?"

मालकांनी चपला घातल्या आणि ते नवी मशीन विकत आणायला बाजारात निघाले. ही मात्र मालकीसकट द्यायची होती.