कॉर्टिनाची मागची सीट

मंगळवार, ११ जून २०२४. ढगाळ. कौन्सिलचं दुसरं पत्र : घरांमागची गॅरेजं अठ्ठावीस तारखेपर्यंत रिकामी करायची, नंतर पाडणार. दहा वाजता मिस्टर रंडल आले. गाडी दोन तास पाहिली. चहा दोनदा घेतला, बिस्किट नको म्हणाले. घेवड्याला फुलं धरली. गुडघा बरा.

फिलोमिना हॅस्केलने त्या दिवसाबद्दल एवढंच लिहिलं. इल्फर्डच्या कॉन्व्हेंटात असताना सिस्टर मुलींना रोज झोपण्यापूर्वी चार ओळी लिहायला लावत. काय घडलं ते वहीत लिहा, काय वाटलं ते देवाला सांगा, असा त्यांचा दंडक. फिलोमिनाने तो त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत पाळला. त्यामुळे रंडल जे बोलून गेले ते वहीत नाही.

गॅरेजात दिवा नव्हता. रंडलनी मागचं दार उघडून विजेरी आत धरली. मग देवळात बोलावं तसं हळू म्हणाले, "मिसेस हॅस्केल, या सीटवर कधी कोणी बसलंच नाही की काय?"

"कोट ठेवायचो आम्ही," ती म्हणाली.

हे खरं होतं. लेन हॅस्केल डॅगनमच्या कारखान्यात गाड्यांच्या आतलं काम करी. सीट, दारांची अस्तरं, छताचं कापड. चौसष्ट साली त्याने कामगारांच्या सवलतीत पहिली कॉर्टिना घेतली. फिकट निळी, मागचे दिवे वाटोळे, तीन फाकांचे. तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि चार दारांचीच घ्यायची असा लेनचा हट्ट होता. "उद्या पोरं झाली की काय खिडकीतून आत टाकायची?" सदुसष्टात दुसरी आली, पांढरी, खोक्यासारखी चौकोनी. बहात्तरात तिसरी, मोहरीच्या रंगाची, कमरेत लचकलेली; तिच्यात बसायला फिलोमिनाला जरा लाजच वाटे. सत्त्याहत्तरात चौथी, पुन्हा सरळ रेषांची. प्रत्येक गाडी चार दारांची होती, आणि प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर दोन कोट आणि एक छत्री.

पाचवी ब्याऐंशीच्या एप्रिलमधली, रुपेरी. त्याच जुलैत कॉर्टिना बंद झाली. तिच्या जागी आलेल्या गोल गाडीला लोक जेलीचा साचा म्हणत, आणि लेनने मरेपर्यंत तिला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. पाचवीनंतर त्याने गाडी घेतली नाही. तो जाऊन सहा वर्षं झाली. फिलोमिना गाडी चालवायला शिकली नव्हती. शेजारचा फ्लोरिन, रुमेनियाहून आलेला बॉयलर दुरुस्त करणारा, दर पंधरा दिवसांनी येऊन इंजिन वीस मिनिटं चालू ठेवी. ती वीस मिनिटं फिलोमिना पुढे, डाव्या बाजूला, आपल्या नेहमीच्या जागी बसून राही.

रंडल केंटमधले, निवृत्त शाळामास्तर. त्यांच्याकडे पहिलीपासून चौथीपर्यंत चारही पिढ्या होत्या. पाचवी हवी होती, आणि मिळाली तर अशीच हवी होती. ते घासाघीस करणारे नव्हते. शिवाय त्यांनी आणखी एक गोष्ट देऊ केली. दर जुलैच्या पहिल्या रविवारी त्यांच्या आवारात कॉर्टिनावाले जमत, घरून आणलेले सँडविच खात, गप्पा मारत. "तुम्ही दरवर्षी या. मी न्यायला येईन. तुमची खुर्ची तिच्या शेजारीच ठेवू."

दरवर्षी या, असं तिला सहा वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. चर्चमधल्या ओळखीच्या बायका एकेक करून गेल्या होत्या. पुतण्याचं नाताळचं कार्ड यायचं, त्यात नाव छापलेलं. रंडल गेल्यावर तिने पुढच्या वर्षीचा जुलै कधी लागतो ते कॅलेंडरच्या मागच्या पानावर पाहिलं.

शनिवारी ते तिला आपली शेड दाखवायला घेऊन गेले. दार सरकवलं, चार चादरी एकेक करून काढल्या, आणि फिलोमिनाचा सगळा संसार रांगेत उभा राहिला. नंबर परके, रंग वेगळे, पण दारांच्या मुठी त्याच. पहिलीच्या मुठीवर तिने हात ठेवला. लेनने लग्नानंतर नोकरी सोड म्हटलं ते या दारापाशी. दुसरीत बसून ती हॉस्पिटलातून तीनदा रिकामी परतली होती. रंडल एकेका गाडीची चाकं, आरसे, शिवण समजावत होते. ती मान डोलवत होती.

रंडलबाई, डॉट, चहाचा ट्रे घेऊन आल्या. "या माझ्या चार सवती," त्या म्हणाल्या. "आता पाचवी येतेय. येऊ दे बापडी. पण सांगून ठेवते, यांची पांघरुणं मी धुते आणि माझ्या वाढदिवसाला हे मला गरम पाण्याची पिशवी देतात."

"चांगल्यातली होती ती," रंडल म्हणाले.

"यांच्यातल्याच एकीने आधी वापरून टाकली असेल, क्लाइव्ह."

फिलोमिना हसली. किती दिवसांनी कोणाच्या घरात नवरा-बायकोचं भांडण ऐकत होती ती. चहात साखर जास्त होती, तरी तिने सगळा प्यायला. हो म्हणायचं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

तेवढ्यात रंडलनी बाकावरून एक पाटी आणली. काळ्यावर पांढरी अक्षरं, सुबक. गाडीचं साल, रंग, मालक एकच, आणि शेवटची ओळ : मागची सीट बेचाळीस वर्षांत एकदाही वापरलेली नाही.

"लोक हेच बघायला येतील," ते म्हणाले.

फिलोमिनाने कप खाली ठेवला. "एकदा बसलं होतं तिथे कोणीतरी."

तिला त्या दिवशीचं पान पाठ होतं. रविवार, २२ ऑगस्ट १९८२. साउथएंड. कडक ऊन. लोरेन, वय सात. आइस्क्रीम, गाढवावरची फेरी. पाच वाजता परत.

सिस्टर कोलंबा ज्या अनाथ मुलांचं पाहत, त्यांतली ती. फिलोमिना आणि लेन एक्केचाळीस वर्षांचे होते. सिस्टरांनी खूप रदबदली करून एक रविवार मिळवून दिला होता. जमलं तर पुढे दत्तकाचं बोलू. त्या सीटवर तेव्हा कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. लेन रागावणारा माणूस नव्हता. ज्या सीटा आयुष्यभर दुसऱ्यांसाठी बसवल्या त्यांतली एक आपली आहे, ती जपायची, एवढंच त्याच्या डोक्यात. त्याने प्लॅस्टिकचे कोपरे नीट खोचले आणि मुलीला प्रेमाने म्हटलं, "बस हं बाळ, जपून." उन्हाने तिच्या उघड्या पायांना ते चिकटलं. उतरताना सोलल्यासारखा आवाज झाला, पण ती काही बोलली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर प्रत्येक खुर्चीपाशी उभी राहून तिने विचारलं, "इथे बसू का?" स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलापाशीसुद्धा.

बुधवारी सिस्टर कोलंबांचा फोन आला. मुलगी म्हणाली, माणसं चांगली आहेत, पण मला तिथे नको, माझ्या हातून काहीतरी खराब होईल.

त्या रात्री लेनने कात्री घेऊन सगळं प्लॅस्टिक काढलं. दोघांनी त्याबद्दल कधी एक शब्द उच्चारला नाही. पुढे सिस्टरांनी वयाचं कारण सांगितलं आणि ते दार बंद झालं.

यातलं फारच थोडं फिलोमिनाने शेडमध्ये सांगितलं. एक मुलगी, एक दिवस, साउथएंडपर्यंत.

रंडल भला माणूस होता. तिला ओशाळल्यासारखं झालंय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी तिला सोडवायला पाहिलं. "एक दिवस ना? तो काय धरायचा? न बसल्यातच जमा."

"धरायचा," फिलोमिना म्हणाली. "तेवढाच होता."

डॉटने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी घाईघाईने पाटी उलटी ठेवली. ओळ बदलतो म्हणाले. 'जवळजवळ न वापरलेली' असं लिहू. हवं तर ओळच काढू. काढली असती त्यांनी, फिलोमिनाला त्याबद्दल शंका नव्हती. पण लोक दार उघडून वाकतील आणि वा म्हणतील, हे कसं काढणार? दर जुलैला त्या वा-च्या शेजारी खुर्ची टाकून आपण बसायचं, हातात सँडविच धरून.

"मला जमणार नाही, मिस्टर रंडल," ती म्हणाली. "तुम्ही फार जपाल तिला."

त्यांना ते कळलं नाही. परतीच्या वाटेवर ते हवेबद्दल बोलत राहिले, घराच्या दारापर्यंत हात देऊन सोडलं, आणि विचार बदलला तर कळवा म्हणाले. डॉटने केक बांधून दिला होता.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर ती शेजारी गेली. फ्लोरिन आणि त्याची बायको आंका खोकी भरत होते. महिनाअखेरीला ते पीटरबरोला चालले होते. तिथे काम जास्त आणि घर मोठं. त्यांची दोन मुलं आणि एक ससा खोक्यांतून पळापळ करत होती. तिने गाडी घेतोस का विचारलं, तेव्हा फ्लोरिनला आधी थट्टा वाटली.

"मिसेस फिल, तुम्हाला वेड लागलं का? आमच्या या टोळीला देता? महिन्याभरात वाट लावतील."

"लावू देत."

"आणि आम्ही तर जाणार. पुन्हा दिसायची नाही तुम्हाला."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

त्याने आंकाकडे पाहिलं. आंकाने खुर्चीवरचं खोकं उचललं आणि फिलोमिनाला बसायला जागा केली.

गुरुवारी दुपारी गाडी गेली. कागदावर नवीन मालकाचं नाव तिने स्वतःच्या अक्षरात भरलं. मुलं आधीच आत चढून खिडकीच्या जागेवरून भांडत होती, त्यामुळे तिला हात करायचं कोणाला सुचलं नाही. गाडी कोपऱ्यावर वळली. फिलोमिना गॅरेजात परत गेली. जमिनीवर तेलाचा एक डाग होता, भिंतीवर लेनचे खिळे. फळीवर काही राहिलं नाही ना ते तिने पाहिलं आणि किल्ली कौन्सिलच्या पाकिटात घालून पाकीट चिकटवलं.

रात्रीचं जेवण तिने उभ्यानेच उरकलं. मग टेबलाशी बसून लिहिलं :

गुरुवार, २७ जून. ऊन, थोडा वारा. अडीच वाजता गाडी गेली. फ्लोरिन, आंका, दोन मुलं, ससा. गॅरेजची किल्ली पोस्टात टाकली. जिन्यातला दिवा गेला होता, बदलला.