पिशवीचा भाव

मोहर्लीच्या जंगल सफारीच्या गेटपाशी माझं टोप्यांचं आणि बांबूच्या वस्तूंचं दुकान आहे. डोक्यावर टोपली घेऊन धंदा सुरू केला, आता पक्कं छत आहे. त्या छतापायी माझी पोरगी व्हायची राहिली. एक मुलगा झाला आणि मग नवरा दर वर्षी म्हणायचा, "छत टाकू, पुढच्या वर्षी पाहू." माझी पस्तिशी उलटली. सफारीला आलेल्या एखाद्या मुलीच्या हनुवटीखाली टोपीची दोरी बांधताना माझा हात उगाच रेंगाळतो. ती टाळाटाळ मी नवऱ्याला अजून माफ केलेली नाही.

गावात तपासणीचं शिबिर झालं. माझी गर्भाशयाच्या तोंडाची पॅप टेस्ट झाली आणि रिपोर्ट 'बॉर्डरलाइन' आला. म्हणजे आजार आहे की नाही, ते कोणी सांगेना. सासू म्हणाली, "पिशवीच काढून टाक. एक पोरगा हाय ना, आता काय करतं तिचं?"

घाबरून शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट धड वाचलाही नाही, थेट ऑपरेशनचा खर्च सांगितला. सवयीने मी म्हटलं, "जास्त होते, साहेब." त्यांनी कमी केला. मी उठायचं सोंग केलं. आणखी कमी झाला, वर औषधंही त्यातच. सौदा मी जिंकले होते, पण पैसे न देताच बाहेर पडले. नको असलेला माल खपवायचा असला की मीसुद्धा असाच भराभर भाव उतरवते.

मग सरकारी दवाखाना. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा कॅन्सर नाही. पेशी जराशा बदललेल्या दिसतात, बहुतेक वेळा आपोआप ठीक होतात. विषाणूची तपासणी करू. तो निघाला तर दुर्बिणीतून बघावं लागेल."

विषाणू निघाला नाही.

"आता वर्षभराने पुन्हा पॅप. चुकवायची नाही."

"आताच पिशवी काढली तं कटकटच नाई ना?"

"चांगली पिशवी कशाला काढायची?"

"सहा महिन्यांनी काऊन नाई?"

"वर्षाने."

बाई तसूभर हलल्या नाहीत. मी चिडले, "तुमाले का जाते? वर्षभर जीव तं माया टांगला राह्यते." त्या हसल्या. तेव्हा कुठे मी हळूच विचारलं, "अन् पोर?"

"या रिपोर्टमुळे अडत नाही. वयाचं बघावं लागेल. नवऱ्याला घेऊन या, बोलू."

संध्याकाळी नवरा दुकान आवरत होता. मी सगळं सांगितलं, पोराचंही. तो म्हणाला, "पाहू ना, पुढच्या वर्षी."

"पुढचं वर्ष डॉक्टरीणबाईले देऊन आली. तू या वर्षाचं बोल."

तो टोप्या मोजून पोत्यात भरत राहिला. लहान पोरांच्या मापाच्या मात्र त्याने दोनदा मोजल्या.