जालन्याची तीन दिवसांची सहल आणि एक लांबलेलं उत्तर

जूनमध्ये ऑफिसात एक मेल आली. कंपनी यंदा समाजकार्य करणार आहे, इच्छुकांनी शुक्रवारपर्यंत नावं द्यावीत. मी इच्छुक नव्हते. पण यादीत माझं नाव आधीच होतं. पन्नाशीला टेकलेली, एकुलती लेक सासरी आणि नवरा घरात शब्दकोडी सोडवत बसलेला, अशा बाईला वेळच वेळ असणार, हा आमच्या साहेबांचा हिशोब. तर अशी मी समाजसेवेत पडले.

जालन्यात खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथल्या एकेका मुलीला आमच्यातला एकेक ‘मेंटॉर’ नेमून दिला. महिन्याला एक पत्र, अधूनमधून फोन आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेट. मेंटॉरने नक्की करायचं काय, हे मी तीन जणांना विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. माझ्या वाट्याला आली रेखा. (हे तिचं खरं नाव नाही, आणि गावही केदारखेड्याच्या आसपासचं आहे, एवढंच सांगते.) बारावी विज्ञान, वय एकोणीस. वडील वारले तेव्हा एक वर्ष घरी बसावं लागलं होतं. तिने पहिल्याच पत्रात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘मला नर्स व्हायचे आहे.’ मी उत्तरात काय लिहावं? पाणी भरपूर पी आणि पहाटे लवकर उठून अभ्यास कर. स्वतः मी सात वाजता उठते.

भेटीचा मुहूर्त लागला नोव्हेंबरच्या शेवटी, तुळशीची लग्नं नुकतीच आटोपली होती तेव्हा. बावीस माणसं, एक बस, पहाटे पाचला पुण्यातून प्रस्थान. नगरला मिसळ आणि चहा. नगर ते औरंगाबाद रस्ता बरा होता, पुढे जालन्यापर्यंत ट्रकांच्या मागे मागे जावं लागतं, तेव्हा तासभर जास्तीचा धरा. आम्ही पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. स्टेशनजवळच्या लॉजवर दोघांची खोली साडेतीनशेला मिळाली. गरम पाणी सकाळी सहा ते सातच, हे मात्र रात्रीच विचारून ठेवा.

त्या दुपारी कार्यक्रम होता मुलींच्या सहलीचा. पन्नास मुलींना कंपनीच्या नावाचे टी-शर्ट वाटले, सगळे एकाच मापाचे, आणि बसमध्ये घालून मोती तलावाच्या बागेत नेलं. बसायला लागला वेळ अर्धा तास, पोचायला सात मिनिटं. माझ्या शेजारच्या मुलीला मी मोठ्या उत्साहाने विचारलं, “कशी वाटली बाग?”

“चांगली हाय,” ती म्हणाली. “आम्ही रोज इथूनच कॉलेजला जातो.”

आम्ही तिथे खेळ घेतले, सामोसे खाल्ले, स्वप्नं मोठी ठेवा यावर साहेबांचं भाषण झालं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मुली आम्हाला खूश ठेवायला आल्या होत्या की आम्ही त्यांना, हे मला संध्याकाळपर्यंत उमगलं नाही. माझी रेखा तर तिथे नव्हतीच. “कापूस वेचायला घरी गेल्ती, थांबली तिकडंच,” वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई म्हणाल्या. “उद्या घरभेटी हायेतच, तिकडंच भेटा. मी निरोप धाडते.”

दुसऱ्या दिवशी घरभेटी. दोघादोघांची जोडी आणि एकेक जीप. माझ्या जोडीला अमेय, आमच्या ऑफिसातला सव्वीस वर्षांचा पोरगा, उंचापुरा, गोरागोमटा, पुण्याबाहेर फारसा न गेलेला. अधीक्षिकाबाई आमच्याबरोबर येणार होत्या, पण ऐन वेळी त्या घनसावंगीकडे जाणाऱ्या गाडीत बसल्या. सुमो दिवसाला हजार रुपये, डिझेल धरून. जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला दिसतो, वेचणाऱ्या बायका, कमरेला बांधलेली कापसाची ओटी, मध्येच मोसंबीच्या बागा. वाटेत राजूरला टेकडीवरच्या गणपतीचं दर्शन अवश्य घ्या. पायथ्याशी आठ रुपयांना पोटभर भजी मिळाली. गाव येईपर्यंत मी खुशीत होते.

गावात शिरलो तर रेखाच्या घरासमोर सडा, रांगोळी. ओट्यावर सात-आठ पुरुष टोप्या घालून बसलेले. रेखाचे काका पुढे आले, पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात जोडलेले. वडील गेल्यापासून घर तेच बघतात, हे मला पत्रांवरून माहीत होतं.

“या, या. तरास झाला असंल. रस्ता बराबर न्हाई आमचा.”

आम्हाला सतरंजीवर बसवलं. मला पाणी दिलं, अमेयला तांब्याखाली ताटली ठेवून पाणी दिलं. मग काकांनी अमेयकडे मोर्चा वळवला. शिक्षण किती, पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, गावाकडं जमीन हाय का. अमेय बिचारा एकेक उत्तर देत गेला.

“नोकरी पक्की हाय ना, बिलकुल?”

“खासगी आहे काका. खासगीत काय पक्कं असतं?”

ओट्यावरचा एक म्हातारा मान डोलवत म्हणाला, “पोरगं खरं बोलून राह्यलं.” मला वाटलं, खेड्यातली माणसं चौकस असतात, चालायचंच.

रेखा पोह्यांच्या बश्या घेऊन आली. साडीत, डोक्यावर पदर. मी म्हटलं, पाहुणे येणार म्हणून पोरीने हौस केली. तिला समोर बसवलं आणि मी पिशवीतून कंपनीचा फॉर्म काढला. चार पानी. पहिल्या पानावर आरोग्य.

“उंची किती गं?”

“पाच फूट एक.”

“चपलेबिगर, मॅडम,” काका घाईने म्हणाले.

चष्मा आहे का? काही आजार? दुसऱ्या पानावर ‘इतर कौशल्ये’. तिथे काय विचारावं सुचेना, म्हणून विचारलं, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. दाराआडून तिची आई म्हणाली, “सगळं येतं. पुरणाच्या पोळ्या तर लई पातळ करती.” मी ‘पुरणपोळी’ असं लिहून घेतलं. शेवटी साहेबांच्या सूचनेप्रमाणे शाबासकीचं पाचशे एक रुपयांचं पाकीट तिच्या हातात ठेवलं, सगळ्यांसमोर. फोटो हवाच होता. काकांनी स्वतः अमेयला उठवून रेखाच्या शेजारी उभं केलं. दाराआड आई डोळे पुसत होती. शंभर माणसांच्या संमेलनात सत्कार झाल्यासारखं मला भरून आलं.

“मॅडम, हात धुवायला चला,” रेखा म्हणाली. मागच्या बाजूला न्हाणीपाशी आलो तेव्हा तिने डोक्यावरचा पदर काढला आणि एका दमात बोलली.

“मॅडम, रागावू नका. घरच्यांना वाटून राह्यलं, तुम्ही मला पाह्यला आल्या.”

“मग? तुला भेटायलाच तर आले.”

“तसं न्हाई. ते सर तुमचं पोरगं, अन् तुम्ही लग्नासाठी पोरगी पाह्यला आल्या, असं.”

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. ओट्यावरचे टोपीवाले, चपलेशिवायची उंची, हातावर ठेवलेलं पाकीट, सगळं एकदम डोक्यात शिरलं. मुलगी पाहून तिच्या हातावर पैसे ठेवायची रीत मला काय माहीत नव्हती? माझ्याही हातावर कोणीतरी ठेवले होते.

“तू सांगितलं नाहीस?”

“मी खोटं काहीच न्हाई बोलले. पुण्याहून एक बाई अन् एक मुलगा मला भेटायला येणार, तेवढं सांगितलं. बाकी काकांनी धरलं.”

“मग मी आत्ता जाऊन सांगते.”

तिने माझा हात धरला. “सांगितलं का गुरुवारी शहागडचे येतेत. त्यांच्या तीन ट्रका हायेत, मागणं काही न्हाई, फकस्त लग्न जल्दी पायजे, पौषाच्या आधी. मंग माझी बारावी राह्यली. तुम्ही हो म्हणू नका, न्हाई पण म्हणू नका. नुसतं ‘कळवते’ म्हणा. तुमचं उत्तर आल्याबिगर काका दुसऱ्या कुणाला पोरगी दाखवणार न्हाईत, तसं बरं दिसत न्हाई. पौष तर तसाच जातो. माघाचं तेवढं बघा. मार्चात पेपर संपले का मी फोन करते.”

पाणी भरपूर पी, असं मी हिला पत्रात लिहिलं होतं.

ओट्यावर परत जाताना माझं खरं सांगायचंच ठरलं होतं. पण बाहेर काका सुमोत मोसंबीची गोणी ठेवत होते. हात झटकून ते समोर आले.

“मंग मॅडम, आम्ही काय समजायचं?”

“घरी बोलून कळवते,” मी म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या, कोणालाच नवल वाटलं नाही.

गाडीत अमेयला सांगितलं तेव्हा तो आधी खो खो हसला, मग म्हणाला, “म्हणजे शेवटी नकार माझ्या नावावर जाणार?” ड्रायव्हरने आरशातून बघत आपलं मत दिलं, “मला बी ते तुमचंच पोरगं वाटलं व्हतं.” रात्री लॉजवर बसून भेटीचा अहवाल भरायचा होता. मी लिहिलं, ‘भेट समाधानकारक. कुटुंबीयांनी उत्तम सहकार्य केले.’ तिसऱ्या दिवशी बसने परत. मोसंबी वाटून खाल्ली, फार गोड होती. त्या भागात गेलात तर जरूर घ्या, आणि जायचंच तर दिवाळीनंतर जा, ऊन सोसवतं.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. “मुलगा नसताना वरमाई झालीस की,” तो म्हणाला. नंतर शब्दकोडं बाजूला ठेवून म्हणाला, “हे बरोबर नाही केलंस.” आणि पाच मिनिटांनी, “पण दुसरं काय करणार होतीस?” तोही माझ्यासारखाच गोंधळला होता, त्याने थोडा धीर आला.

पौष खरंच तसाच गेला. माघात काकांचे दोन फोन आले. पहिल्यांदा मी सांगितलं, अमेयची आत्या गावाला गेलीय. दुसऱ्यांदा सांगितलं, पत्रिका दाखवायला दिलीय. फोन ठेवल्यावर मला स्वतःची शरम वाटायची, आणि दिवसभर मी रेखाच्या वेळापत्रकातले पेपर मोजायचे. शहागडच्यांनी दरम्यान दुसरी मुलगी केली. मार्चात वसतिगृहाच्या फोनवरून रेखा बोलली, “झाले मॅडम सगळे पेपर. जीवशास्त्र सोपं गेलं. आता न्हाई म्हणून कळवा.”

रेखा पास झाली. काकांनाच पुढे मार्कांचं कौतुक वाटलं आणि त्यांनी तिला नर्सिंगला घातलं. आता ती पहिल्या वर्षाला आहे. कंपनीच्या पत्रिकेत माझा फोटो छापून आला, ‘यशस्वी मेंटॉर’ म्हणून. ऑफिसात विचारतात, कसा होता अनुभव? मी छान म्हणते. घरी आल्यावर मात्र काय म्हणावं, ते अजून ठरत नाही. काकांना खरं काय ते माहीत नाही. शिक्षण संपलं की मीच सांगीन, असं रेखा म्हणते, आणि ते सांगणं मी तिच्यावर सोडलंय, हेही मला पटत नाही.

कारण काकांना नकाराचा फोन मीच केला होता. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात उभी राहून. म्हटलं, योग दिसत नाही.

“चालतंय मॅडम. असं व्हतंच. फकस्त एक सांगा, पोरीत काय कमी दिसलं?”

“काही नाही हो. मुलगी गुणाची आहे.”

“घर बारकं वाटलं?”

“नाही, नाही.”

“मंग मह्याच बोलण्यात काही आलं असंल. तिला बाप न्हाई, म्हणून मीच बोललो सगळं. मला बोलता येत न्हाई मॅडम.”

तुम्ही फार चांगलं बोललात, असं मी दोनदा म्हणाले. ते हो हो म्हणत राहिले. त्यांचा विश्वास बसला नाही, ते मला कळत होतं.