आधी तू वास घे

मी मूळची भित्री. साताऱ्यात घराला कुलूप लावून स्टँडपर्यंत गेले तरी गॅस बंद केला का, म्हणून परत येणारी. आई माझ्या उलट. वडील गेल्यावर सांगलीत एकटं राहायचं तिनंच ठरवलं आणि माझ्या रडारडीला भीक घातली नाही.

तिचं माहेर कर्नाटकात चिकोडीकडचं, म्हणून आमच्या घरात चहाच्या आधी कॉफी. महिन्यातून एकदा मी सांगलीला गेले की आम्ही दोघी मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानात बिया घ्यायला जायचो. दुकान खरं तर हळदीचं, कॉफी आपली एका कोपऱ्यात. दुकानदार तीन कागदांवर मूठमूठ बिया काढून ठेवायचा. गोल दाण्याची पीबेरी, चपट्या दाण्याची प्लँटेशन आणि कडू रोबस्टा. पूर्वी आई एकेकीचा वास घेऊन, दाणा दाताखाली फोडून निवडायची आणि मधे कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. अलीकडं मात्र "आधी तू वास घे," म्हणायची. मला वाटायचं, उशिरा का होईना, लेकीच्या नाकाला मान मिळाला.

गेल्या महिन्यात पीबेरीचा कागद नाकाशी धरला तर हळदीचा भपकारा आला. हळदीच्या रिकाम्या डब्यात बिया भरल्या असणार. दिवसभर हळदीत बसून दुकानदाराला तो वास कळेनासाच झालेला. आता आई ह्याची कशी सालटी काढते ते बघू, म्हणून मी हसू दाबत कागद तिच्याकडं सरकवला. तिनं तो नाकाशी धरला, एक दाणा चावला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हीच दे. अर्धा किलो."

"आवं काकू, तुमची पारख लय भारी हाय," दुकानदार म्हणाला.

आम्ही रिक्षात बसलो. माझ्या डोक्यात फक्त तिचं स्वयंपाकघर होतं. ओट्याखालचा सिलिंडर, त्याची जुनी नळी आणि डासांसाठी कायम लावून घेतलेली खिडकी. वास न येणारी बाई तिथं रोज सकाळी काडी ओढत होती. मला भीती वाटत होती, पण तिला विचारायची त्याहून जास्त वाटत होती. विचारलं की ते खरं होणार होतं.

घरी आल्यावर मी आधी खिडकी उघडली. मग विचारलंच. "आई, तुला वास येतो का गं?"

ती पिशवीची गाठ सोडत होती. हात थांबले. "तापानंतर गेला. दोन वर्षं झाली."

"मग बिया कशा निवडायचीस?"

"तुझं तोंड बघून. तुला लहानपणापासून काही लपवता येत नाही. आवडलं की गालात हसतेस. आजही हसलीस."

मग ती ओट्याला टेकून उभी राहिली. आईला घाबरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, वडील गेले त्या दिवशीही नाही. "सांगितलं असतं तर तू मला साताऱ्याला नेलं असतंस," ती म्हणाली. "माझं घर राहू दे गं मला. नेणार नाहीस ना?"

"नाही नेत," मी म्हणाले, आणि सिलिंडर बघायचं निमित्त करून खाली वाकले, तिला माझं तोंड दिसू नये म्हणून.