कुजबुजे सरांची गप्प बसण्याची तालीम

त्यांचं आडनाव कुजबुजे नव्हतं. ते शाळेतल्या पोरांनी ठेवलं होतं, आणि पोरांनी ठेवलेलं नाव म्हणजे दगडावरची रेघ. नववी-दहावीला इंग्रजी शिकवणारे हे सर बावन्न वर्षांचे, काटकुळे, आणि जागेवर उभे असतानासुद्धा निघायच्या घाईत असल्यासारखे. समोरचं कुणी दोन क्षण गप्प झालं की ते त्याचं वाक्य पुरं करायला धावायचे. कुणी "मला जरा..." म्हणालं की सर विचारणार, "पाणी हवंय?" "नाही, मला..." "खुर्ची?" त्या बिचाऱ्याला नुसती शिंक आलेली असायची.

घरीही तेच. "यांच्याशी लग्न झाल्यापासून सव्वीस वर्षांत मी एक वाक्य पुरं केलेलं नाही," त्यांची बायको एकदा शेजारणीला सांगत होती. "सुरुवात माझी आणि शेवट यांचा. आणि तो शेवटही बहुतेक वेळा..."

"चुकीचा!" सर आतल्या खोलीतून ओरडले.

हे दुखणं नाटकातून आलेलं. तरुणपणी दिवसा शाळा आणि संध्याकाळी हौशी नाटक मंडळी, अशी अठरा वर्षं त्यांनी काढली. तोंडाला रंग लावायची हौस दांडगी, पण प्रेक्षक दिसले की पाठ फिरवून आत पळायचे. मग मंडळींनी त्यांच्या हातात नाटकाची वही दिली, विंगेत उभं केलं आणि प्रॉम्प्टर करून टाकलं. नट वाक्य विसरला की अंधारातून हळूच शब्द पुरवायचा, हे प्रॉम्प्टरचं काम. त्याला टाळी नाही, जाहिरातीत त्याचं नाव नाही. पण तो नसेल तर राजा सिंहासनावर बसून आढ्याकडे बघत राहतो. सरांनी अठरा वर्षांत रंगमंचावर एकदाही शांतता पडू दिली नाही, आणि याचा त्यांना केवढा अभिमान! फक्त एकदा, प्रयोग संपल्यावर, एक वयस्क नटी तोंडावरचा रंग पुसता पुसता म्हणाली होती, "अरे बाळा, मी विसरले नव्हते. मी थांबले होते." बाई आपली चूक झाकतायत, असं सरांना वाटलं. त्यांनी मोठ्या मनाने ती झाकू दिली.

मंडळी पुढे पांगली, आणि विंगेतली सवय वर्गात आली. मात्र शिकवावं तर त्यांनीच. काळ शिकवायला फळ्यासमोर तीन खुर्च्या मांडत: काल, आज, उद्या. जो ज्या खुर्चीत बसेल त्याने त्या काळातलं वाक्य बोलायचं. पोरं उड्या मारत काळ बदलायची. 'रिलक्टंट' या शब्दाचा अर्थ त्यांनी कधी फळ्यावर लिहिला नाही. दारापासून टेबलापर्यंत असे पाय ओढत यायचे की शेवटच्या बाकालासुद्धा कळावं, या माणसाच्या मनात यायचं नाहीये.

पण प्रश्न विचारला की घात व्हायचा. खिडकीजवळच्या कोपऱ्यात उभं राहून सर प्रश्न टाकायचे, मूल उठायचं, तोंड उघडायचं, आणि त्याआधीच सरांचे ओठ हलू लागायचे. उत्तराचा पहिला शब्द, मग दुसरा. पोरं हुशार, पुस्तकाऐवजी ओठ वाचायला शिकली. तोंडी परीक्षाही सरच घ्यायचे, त्यामुळे निकाल दरवर्षी उत्तम.

त्या वर्षी नियम बदलला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरांना बोलावून कागद पुढे सरकवला. "इंग्रजीची तोंडी परीक्षा आता बाहेरच्या परीक्षक घेणार. वीस गुण, त्यातले सात स्वतंत्रपणे मिळवायचे. नाही मिळाले तर..."

"अख्खा विषय पुढच्या वर्षी पुन्हा," सर म्हणाले.

"कागद मीच वाचू का तुम्ही वाचताय? पुढचं ऐका. विषयशिक्षकाने मागच्या बाकावर बसायचं, शेवटी सही करायची. मधे एक शब्द बोललात तर त्या प्रश्नाला शून्य, आणि तुमच्या नावावर शेरा. अकरा दिवस आहेत. तेवढ्यात तोंडाचं काहीतरी करा."

सर बाहेर आले ते सरळ गणिताच्या बाईंकडे. या बाई म्हणजे शाळेतली सगळ्यात फटकळ जीभ. "माझ्या वर्गाची एक खोटी परीक्षा घ्या," सर म्हणाले. "मी व्हरांड्यात थांबतो."

बाईंनी पाच-सहा जणांना प्रश्न विचारले आणि दार उघडलं. "या, या, बघा तुमची कीर्ती! प्रश्न विचारते मी, समोर बसलेय मी, आणि तुमची ही पोरं एकजात त्या रिकाम्या खिडकीकडे बघतायत! मला वाटलं बाहेर माकड बसलंय."

वर्ग फिस्सकन हसला. सरही हसले, पण कानशिलं तापली होती. चाळीस पोरांपैकी फक्त एकच मुलगी खिडकीकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती.

तिला वर्ग डिक्शनरी म्हणायचा. ती बोलताना अडायची. अडखळणं वेगळं, हिचा आवाजच ओठांमागे अडकायचा आणि चेहरा नुसता ताणलेला राहायचा. तिच्याजवळ एक लांबट वही होती आणि त्यात एकेका शब्दाला चार-चार पर्याय लिहिलेले. सर ती वही वर्गभर मिरवायचे: "बघा, याला म्हणतात अभ्यास!" त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी ती वही नीट चाळली, आणि पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, सगळे शब्द ब, म आणि र यांचेच आहेत. 'ब्रेव्ह' खोडून 'करेजस'. 'मॅड' खोडून 'अँग्री'.

"बाकीची अक्षरं कुठायत गं?"

सरांनी तीन सेकंद कळ काढली. "संपली नाही का अजून वही?"

"नाही, सर. त्या तीन..."

"अक्षरांचा अभ्यास चाललाय?"

"त्या तीन अक्षरांच्या दारात माझा पाय अडकतो," ती म्हणाली. हे एवढं वाक्य म्हणायला तिला बराच वेळ लागला, आणि सरांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. "म्हणून दुसऱ्या दाराने जाते. दुसरा शब्द शोधते. वर्गात शोधेपर्यंत तुम्ही सांगून टाकता. मग माझं राहून जातं."

सर खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. "मोठ्या बाई म्हणत होत्या, तुला अर्ज करून तोंडीतून सूट मिळेल. घेऊन टाक ना. कशाला उगीच..."

"नाही म्हटलं मी त्यांना."

"का? घरचे रागावतील म्हणून? गुण कमी धरतात म्हणून?"

तिने मान हलवली, दोन्ही वेळा नाही. मग डोळे मिटून, एकेक शब्द ओढून आणल्यासारखी म्हणाली, "मला... बो... बोलायचंय."

त्यानंतरचे दिवस सरांच्या पायाला भिंगरी होती. एका जागी म्हणून बसवेना. बाकीच्या पोरांसाठी वर्गात त्यांनी फळ्याकडे तोंड करून प्रश्न विचारायला सुरुवात केली; पोरं पहिले दोन दिवस पाण्याबाहेरच्या मासोळीसारखी तोंडं उघडत राहिली, तिसऱ्या दिवशी बोलायला लागली. चुकत होती, पण स्वतःचं चुकत होती. सरांचा जीव मात्र त्या एका मुलीत अडकला होता. ती अडली आणि आपण बोललो तर? एका शब्दाने तिचं वर्ष जाईल.

घरी तालीम सुरू झाली. "तू काहीही बोल," ते बायकोला म्हणाले, "मी मधे तोंड घालणार नाही."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "काय बोलू? बरं. तुमच्या बहिणीचा आज फोन आला होता, तिचं म्हणणं होतं की..." आणि ती थांबली.

सर ओठ आवळून उभे. घड्याळ टकटकतंय. कपाळावर घाम.

"अगं, बोल की पुढे!" शेवटी त्यांचा बांध फुटला.

"मी तुमची वाट बघत होते," बायको म्हणाली. "सवयच नाही हो मला शेवट करायची." मग हसू आवरून म्हणाली, "असं करा, त्या दिवशी तोंडात पेपरमिंट ठेवा. बोलायला गेलात तर ठसका तरी लागेल."

परीक्षेच्या दिवशी सर खिशात सात पेपरमिंट घेऊन गेले. परीक्षक बाई उंच, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, आवाज मऊ. त्यांनी खुर्ची ओढली, सरांना मागचा बाक दाखवला आणि म्हणाल्या, "नियम माहीत आहेत ना?" सरांनी तोंडातल्या गोळीसकट मान डोलावली.

पोरं एकेक करून येत गेली. सरांच्या नजरेला फक्त त्यांच्या पाठी. एक पोरगा चुकला, सरांनी गुडघा दाबून धरला. एकीला शब्द आठवेना, सरांनी गोळी कडकन फोडली. पण तोंडातून आवाज निघाला नाही. तीस पोरं झाली, पस्तीस झाली, एकोणचाळीस झाली. आपण जिंकलो, असं सरांना वाटू लागलं, तेवढ्यात डिक्शनरी आत आली.

उताऱ्याचं वाचन वाईट झालं. पानावरचा शब्द बदलता येत नाही ना; तिथे पर्यायाचं दार बंद. चार ओळींत ती सहा वेळा अडली. शब्दार्थ मात्र तिने छान सांगितले. सर मनात गुण मांडत होते: पाच झाले असतील. सात हवेत. उरला एकच प्रश्न.

तो धड्यावरचा होता. धडा एका म्हाताऱ्या नावाड्याचा. नदीवर पूल बांधून झालाय, उद्यापासून नाव बंद, आणि आज त्याची शेवटची फेरी. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, त्या दिवशी नावाड्याला काय वाटत होतं?

हे उत्तर सरांनी एकोणीस वर्षं लिहून दिलेलं. सॅड. दुःखी. तीन अक्षरांचा, सोपा, स ने सुरू होणारा शब्द. या पोरीला त्यात अडण्यासारखं काहीच नव्हतं.

आणि ती अडली.

खांदे वर चढले, मान ताठ झाली, आवाज नाही. सरांनी घड्याळाकडे बघितलं. दहा सेकंद. बोल गं. सॅड म्हण आणि सूट. परीक्षक बाई शांत बसलेल्या, पेन खाली ठेवलेलं. वीस सेकंद. सरांच्या तोंडातली गोळी केव्हाच विरघळली होती आणि दुसरी खिशात होती. खिशात हात घालावा तर कागदाचा आवाज व्हायचा. तीस. व्हरांड्यात कुणाची तरी चप्पल फटफटत गेली. पस्तीस सेकंद. सरांना काही कळायच्या आत त्यांचा आवाज वर्गात उभा होता:

"सॅड!"

परीक्षक बाईंनी मान वर केली. सरांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण सुटलेला शब्द परत येतो होय! संपलं. शून्य. एका पोरीचं वर्ष त्यांनी एका शब्दात बुडवलं होतं.

"नो, सर," मुलगी म्हणाली.

तिने मागे वळूनही बघितलं नाही. परीक्षकांकडेच बघत, पुन्हा खांदे वर चढवून तिने सुरुवात केली, "ही वॉज रि... रि..." थांबली. श्वास घेतला. त्या अवघड दारातूनच जायचं, असं ठरवून आल्यासारखी पुन्हा म्हणाली, "रिलीव्ह्ड."

"रिलीव्ह्ड? सुटका झाल्यासारखं?" परीक्षक बाई पुढे झुकल्या. "का बरं?"

तिने सांगितलं. मोडकं, तुटक, अडत अडत, चांगली चार मिनिटं. हा माणूस तीस वर्षं पलीकडच्या काठाकडे कान लावून बसलाय. कुणीही कधीही हाक मारणार. धड्यात दोनदा लिहिलंय, तो ताटावरून अर्धवट उठला. उद्यापासून हाक येणार नाही. उद्या तो पोटभर जेवेल.

सर मागच्या बाकावर बसून ऐकत होते. तो अर्धवट जेवणाचा शब्द त्यांनी दरवर्षी शब्दार्थात शिकवला होता. नावाड्याला भूक लागली असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

मुलगी बाहेर गेल्यावर सर उठून टेबलापाशी आले. "बाई, चूक माझी. माझ्यावर काय हवा तो शेरा लिहा. तिला शून्य देऊ नका, हात जोडतो."

"बसा आधी. तिला चारपैकी चार दिलेत."

"पण नियम... मी तर उत्तर..."

"तुम्ही मदत देऊ केलीत. तिने ती घेतली नाही. मग मी गुण कशाचे कापू?" बाईंनी पेन उचललं. "शेरा मात्र लिहावा लागेल हं."

"लिहा! सुवाच्य अक्षरात लिहा!" सर म्हणाले, आणि त्यांनी शाई वाळायच्या आत त्याखाली सही ठोकली.

व्हरांड्यात पोरांचा घोळका डिक्शनरीभोवती जमला होता. "काय विचारलं? ए, सांग ना, तू काय सांगितलंस?" तिने तोंड उघडलं. खांदे वर चढले. पोरं थांबली, आणि सर नेमके त्याच क्षणी दारातून बाहेर पडले.

त्यांना सगळं माहीत होतं: प्रश्न, उत्तर, गुणसुद्धा. जिभेच्या टोकावर होतं. तिथे आणखी क्षणभर उभे राहिलो तर आपण सांगून टाकणार, हेही माहीत होतं. वय वर्षं बावन्न. अकरा दिवसांत माणूस थोडाच बदलतो?

म्हणून सर पळाले. छत्री बगलेत धरून, दोन-दोन पायऱ्या उतरत, गणिताच्या बाईंना जिन्यात धक्का देऊन. "अहो, आग लागलीय का कुठे?" बाई ओरडल्या. सरांनी हातानेच नाही अशी खूण केली आणि फाटकापर्यंत मागे वळून बघितलं नाही. वरच्या मजल्यावर अजून सगळं शांत होतं.