बाईंची गुहा साफ केली त्याची गोष्ट

आमच्या चंद्रपुरात येणाऱ्या शास्त्रज्ञाला वाघच पाहिजे असतो. बाईंना पाहिजे होता किडा. राजुऱ्याच्या पुढच्या एका गुहेत त्यांना तो सापडला. पांढरा, तांदळाच्या कणीएवढा, डोळेच नाहीत. दुसरीकडे तो कुठेच मिळाला नाही. बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी त्यांच्या लॅबमधला मदतनीस. आमच्याआधी तिथं किडे शोधायला कुणीच गेलं नव्हतं. आम्ही वीस वर्षं पोटावर सरपटलो. गावातल्या बाया हसायच्या, "किडेच पाहाचे तं आमच्या तुरीत या न बाई!" बाई खरंच तुरीत जायच्या.

मी मात्र वैतागायचो. आत वटवाघळांच्या लेंड्यांचा हा एवढा थर, वासानं डोकं उठायचं. एकदा म्हटलं, "बाई, झाडून काढू का?" तर अशा खेकसल्या! "अरे, ते त्या किड्यांचं ताट आहे. आत उन्हाचा कण नाही, मग खाणार काय ते?" पुन्हा मी खराट्याचं नाव काढलं नाही.

बाई गेल्या त्या दिवशी नागपूरच्या स्मशानघाटावर मला काहीच वाटलं नाही. लोक बोलत होते, मी मान हलवत होतो. तेवढ्यात गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "भाऊ, तेरवीले बाईचा फोटो गुहेत ठेवतो म्हणतो. जराशी साफ करून घेऊ का?"

"करा," मी म्हटलं. शब्द न् शब्द ऐकला होता. डोक्यात शिरला नाही, एवढंच.

तेराव्या दिवशी तेरवीला गेलो. साऱ्या गावानं दोन दिवस खपून गुहा तळापर्यंत खरवडली होती. भिंतींना चुना, खाली शेणाचा सडा, फोटोपुढं रांगोळी. धुपाच्या धुरानं वटवाघळं उडून गेलेली. मला स्वतःची किळस यायला पाहिजे होती. तीही आली नाही.

महिनाभर टॉर्च घेऊन जात राहिलो. कोपरान् कोपरा पाहिला, एक किडा दिसला नाही. शेवटी एक दिवस पोलीस पाटील मागोमाग आत आले.

"काय हरवलं भाऊ? सांगा न, सारं गाव लावतो शोधाले."

"काई नाई," मी म्हटलं. "लय चांगलं केलं तुम्ही. बाई खूश झाल्या असत्या."