विहिरींना धक्का नाही

आई गेली आणि तमिळ मुलखातल्या, मेलकावेरीच्या आमच्या घरात मराठी बोलणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. बहीण लग्न होऊन बेंगळूरला गेलेली. तिची मुलं आपसात कन्नडमध्ये भांडत. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत होतो. दिवसभर तमिळ बोलायचं आणि घरी आल्यावर गप्प बसायचं. सुरुवातीला स्वयंपाक करताना मी आईच्या बोलीत मोठ्याने विचारत असे, "मीठ कोठें ठेविलें?" पण उत्तर मलाच द्यावं लागे, म्हणून तेही सोडून दिलं. आता लिहितो आहे ही मराठी मी पुढे मासिकं मागवून, पुस्तकं वाचून कमावली. आईची निराळी होती, आणि ती ऐकायला कान नाहीत याचं दुःख मला फार होतं. ते कुणाला सांगायचं तर तमिळमध्ये सांगावं लागलं असतं.

मरुदानल्लूरच्या पुढे, टाउन बसने थोडं आत, एक गाव आहे. त्याचं नाव इथे घालत नाही. तिथल्या एका भागवतरांच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी भजन होई. भागवतर म्हणजे भजनाचे पुढारी. हे गृहस्थ साठीचे, थोडी शेती असलेले, आवाज असा की बसमधून उतरल्याबरोबर ऐकू यावा. त्या बाजूच्या भजनांत मराठी अभंग म्हणतात. म्हणणारे सगळे तमिळ; शब्द पाठ, अर्थ ठाऊक नाही. अभंग संपला की टाळ थांबत आणि पंधरावीस तोंडं माझ्याकडे वळत. "रायरे, अर्थं सोल्लुंगो," भागवतर म्हणत. आमच्या लोकांना तिकडे रायर म्हणतात. मी अर्थ सांगे. आठवड्यातला तेवढा अर्धा तास मी कुणीतरी होतो.

आता खरं सांगायचं तर पुष्कळ ओळी मलाही कळत नसत. अभंग जुने, त्यात पिढ्यान् पिढ्या तमिळ जिभेवर घासून गुळगुळीत झालेले. पण पंधरावीस माणसं तोंडाकडे पाहत असताना "ठाऊक नाही" म्हणायला जीभ रेटेना. मग मी जुळवून सांगे. एका ओळीत घागरीसारखं काही ऐकू येई. मी सांगून टाकलं, "देव म्हणतो, तुझ्या दारी मी पाणी भरीन." भागवतरांचे डोळे भरून आले. पकडणारं तिथे कुणी नव्हतंच, त्यामुळे मी सोकावलो.

भजन झालं की मामी, म्हणजे भागवतरांच्या पत्नी, कॉफी देत. मी त्या दोघांना मामा-मामी म्हणे. कॉफीची तारीफ केली की मामी परसातल्या विहिरीकडे बोट दाखवत. त्या विहिरीचं पाणी खरोखर गोड होतं. माझ्या पिशवीत पितळेचा तांब्या असे आणि परतताना मामी तो भरून देत.

मग साहेब आले. भूगर्भात वायू आणि तेल शोधणारी मंडळी तेव्हा कावेरीच्या खोऱ्यात ठिकठिकाणी फिरत होती. त्यांच्यातला एक अधिकारी जुने नकाशे बघायला आमच्या ग्रंथालयात आला. माझ्यापेक्षा लहान, नाशिककडचा. पाटीवरचं माझं आडनाव वाचून त्याने थेट मराठीत विचारलं, "तुम्ही इकडे कसे?" मी म्हणालो, "आम्ही इकडचेच नव्हे का. तीनशें वर्षें झालीं." तो खदखदून हसला. "अहो, तुम्ही बोलता की बखर वाचता?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी त्याला घरी जेवायला बोलावलं. तो दोन तास बसला, मी दोन तास बोललो, आणि तो गेल्यावर ताट तसंच ठेवून झोपाळ्यावर बसून राहिलो. माणसाला भूक लागली होती हे जेवल्यावर कळावं तसं माझं झालं.

काही आठवड्यांनी तोच म्हणाला, भागवतरांच्या गावात खोदायचं ठरतं आहे, लोकांशी बोलणी करायची आहेत, दुभाषा होऊन चला. त्याचं काम इंग्रजीत कुणीही भागवलं असतं. पण त्याला मराठी माणूस हवा होता आणि मला तर हवाच होता.

बैठक भागवतरांच्याच ओसरीवर झाली. लोकांचे प्रश्न मला अजून आठवतात. नोकऱ्या मिळतील का? वायू नळीने घरात येईल का, की सगळा मद्रासला जाईल? पंपाची वीज सारखी जाते ती थांबेल का? रस्ता डांबरी होईल का? विरोध असा कुणाचा नव्हता. एक म्हातारा शेतकरी तेवढा म्हणाला, भूमीला भोक पाडणं बरं नव्हे. त्याला इतरांनी हसून गप्प केलं. आपल्या मातीखाली काही मोलाचं आहे या विचाराने सगळे खुशीत होते. मीही होतो.

ज्या पट्टीत खोदायचं होतं तिच्यातला मोठा तुकडा भागवतरांचा होता. त्यांची सही झाली की बाकीचे करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. साहेबांना नाही, मला. अभंगाचा अर्थ विचारत तसा, मान थोडी पुढे करून.

"रायरे, विहिरींना काही होणार नाही ना?"

मी साहेबाला विचारलं. त्याने दोन्ही हात उलटे करून, ठाऊक नाही अशी मान हलवली. "ते मी आत्ता सांगू शकत नाही. खाली काय आहे हे खोदल्याशिवाय कळत नाही. तसंच सांगा त्यांना." साहेब प्रामाणिक होता, हे लिहून ठेवलंच पाहिजे.

मी भागवतरांकडे वळलो. पंधरावीस तोंडं माझ्याकडे लागलेली. ओसरी तीच, माणसं तीच, आणि माझ्या तोंडून सवयीने गोड तेच निघालं.

"विहिरींना धक्का नाही, म्हणतात."

त्यांनी सही केली. मामींनी सगळ्यांना कॉफी दिली.

गॅस लागला. उंच नळकांड्याच्या टोकाला ज्वाळा दिवसरात्र जळू लागली तेव्हा लोक सायकलींवरून पाहायला आले, शेंगदाणेवाल्याने गाडी लावली. डांबरी रस्ता झाला. दोघांचौघांना पहारेकऱ्याचं काम मिळालं. घरात नळीने काही आलं नाही, आणि वीज जायची तशी जात राहिली. साहेबाची बदली झाली. त्याची दोन पत्रं आली आणि मग थांबली.

तिसऱ्या उन्हाळ्यात मामींची डाळ शिजेना. कॉफी खारट लागू लागली. भागवतरांनी विहीर उपसून पाहिली, पण नवं पाणीही तसंच आलं. हे मला ओसरीवरच कळलं. कुणी मला काही बोललं नाही. मी तांब्या पिशवीतून काढलाच नाही. पुढच्या रविवारी सर्दी झाली म्हणून गेलो नाही, त्याच्या पुढच्या रविवारी काहीच कारण न देता गेलो नाही. असं करता करता सहा वर्षं गेली.

विहीर कशाने खारट झाली, हे मला आजही माहीत नाही. त्या वर्षांत कावेरीचं पाणी उशिरा येई, कधी पुरेसं येत नसे. काहीजण त्या नळकांड्याला दोष देत, काही वर पाणी अडवणाऱ्या कर्नाटकाला, काही म्हणत समुद्रच आत सरकतो आहे. नव्वदच्या दशकात वर्तमानपत्रांतून पृथ्वी तापत असल्याचं येऊ लागलं. देशोदेशीची सरकारं एकत्र बसून कोळसा, तेल, वायू जाळणं कमी करायच्या गोष्टी बोलू लागली. आमच्या कॉलेजात त्यावर एक व्याख्यान झालं. डोक्यावर सगळे पंखे जोरात फिरत होते. शेवटी श्रोत्यांतून पहिला प्रश्न आला, लोडशेडिंग कधी बंद होणार? बाहेर चहाच्या दुकानात एकजण तावातावाने म्हणाला, "थंड देशांनी दोनशे वर्षं जाळलं, आणि आता आम्ही दिवा मालवायचा?" मला त्याचं पटलं. व्याख्यात्याचंही पटलं होतं. पण मला वाटलं, यातलं कुणी मोजून, तपासून बोलत नाही; ज्याला जो आपला वाटतो त्याचं तो खरं मानतो. आणि मग मला भागवतरांची पुढे केलेली मान आठवली आणि चहा तसाच ठेवून मी उठलो.

त्या रविवारी गेलो.

रस्त्यात मामी दिसल्या. कमरेवर घागर, पलीकडच्या गल्लीतल्या नळावरून येत होत्या. वयाने वाकल्या होत्या. मी घागर घ्यायला हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "सोवळ्याचं पाणी आहे, रायरे," आणि चालू लागल्या. मी मागून चाललो.

ओसरीवर भजन चालू होतं. मद्रासहून आलेले दोन पाहुणे बसले होते. मी खांबाशी बसलो. तोच अभंग आला. टाळ थांबले, आणि भागवतर पाहुण्यांना स्वतःच अर्थ सांगू लागले. "देव म्हणतो, तुझ्या दारी मी पाणी भरीन. हे आमच्या रायरांनी सांगितलेलं." त्यांनी माझ्याकडे हात केला. आत मामी घागर हंड्यात रिकामी करत होत्या, त्याचा आवाज येत होता.

भजन संपलं, पाहुणे विहीर पाहायला परसात गेले, तेव्हा मी बोललो. साहेब तसं म्हणाले नव्हते, ते माझंच होतं, हे सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," भागवतर म्हणाले. "त्यांनी हात उलटे करून मान हलवलेली मी पाहिली होती."

"मग सही का केलीत, मामा?"

"मला वाटलं, ते परके. आपले रायर म्हणतात म्हणजे त्यांना आतलं काही ठाऊक असेल." ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. टाळांचा दोर बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, "आणि अभंगांचे अर्थ?"

मी एकेक ओळ सांगितली. ही माहीत होती, ही नव्हती, ही अर्धी. पाण्याच्या ओळीशी आलो तेव्हा पाहुणे परसातून परत आले होते आणि ऐकत होते.

"मग तिचा अर्थ काय?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. त्या ओसरीवर हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होतो.

भागवतरांनी मान डोलावली. मामींनी कॉफी आणून ठेवली, मी ती सगळी प्यालो.

त्यानंतर मी पुन्हा दर रविवारी जाऊ लागलो. मला कुणी येऊ नका म्हटलं नाही. बसायला चटई देत, कॉफी देत. पुढच्याच रविवारी तो अभंग झाला. ओळ संपली, टाळ थांबले. मी सवयीने सावरून बसलो. कुणीही माझ्याकडे वळून पाहिलं नाही, आणि भागवतरांनी पुढचा अभंग सुरू केला.